एक्केचाळीस ठिकाणं, दहा रात्री

पत्र

काकू, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, भाऊबीज आटोपली की आम्ही चौघं इटलीला निघतोय. मी, हे, पंधरा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई. सगळ्यांचाच पहिला परदेश प्रवास. टूर कंपनी नको म्हणून सगळं आमचं आम्हीच करतोय. हातात दहा रात्री आहेत. मुलानं रील्स बघून एक्केचाळीस ठिकाणांची यादी केलीय, शिवाय त्याला मिलानचं सान सिरो स्टेडियम हवंच आहे. ह्यांच्या एक्सेलमध्ये रोम, नेपल्स, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान आणि वर स्वित्झर्लंड, कारण "एवढ्या लांब जातोय तर". सासूबाईंना फक्त तो कललेला मनोरा बघायचाय आणि बोटीत बसायचंय, पण गुडघ्यांनी बेजार आहेत. नणंद रोज फोनवर एक नवीन ठिकाण सुचवते. मी लग्नाआधी दोन वर्षं फाइन आर्ट्सला होते म्हणून सगळे म्हणतात, तूच ठरव. ठरवायला बसलं की भांडण. काय ठेवू आणि काय गाळू?

– गोंधळलेली सून, दांडिया बझार, बडोदे

उत्तर

प्रिय सूनबाई,

वयानं लहान आहेस, तेव्हा अगंतुगं करते. राग मानू नकोस.

मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. दर डिसेंबरात सातवीच्या पोरांना कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये न्यायचं काम माझ्या गळ्यात असायचं. आत शिरली की पोरं ममीकडे धावत. तिथून देवमाशाच्या सांगाड्याकडे. एकदा एक जण सांगाड्याखाली उभा राहून म्हणाला, "बाई, ह्याच्यापुढे विश्वामित्रीतल्या मगरी म्हणजे पाली!" पाऊण तास झाला की अर्धा वर्ग बाहेर पायऱ्यांवर बसलेला असे, डबे उघडून. चित्रांच्या दालनापर्यंत बत्तीस वर्षांत किती पोरं पोचली, ते हाताच्या बोटांवर मोजता येईल. आधी मी चिडायचे. मग एका वर्षी क्रम उलटा केला, चित्रं आधी आणि देवमासा शेवटी. त्या वर्षी पोरांनी दोन्ही बघितलं.

मोठी माणसंही अशीच असतात, फक्त पायऱ्यांवर बसायला लाजतात. म्हणून ठिकाणं किती ते मोजणं सोड आणि हातात सकाळी किती ते मोज. दिवसभरात डोळे, पाय आणि डोकं एकाच वेळी ताजं असतं ते फक्त सकाळी. नोव्हेंबरात तर तिकडे पाचच्या आत सूर्य मावळतो. कोलोसियम त्या दिवसांत संध्याकाळी साडेचारलाच बंद होतं. आपल्याकडच्या हिशेबानं "दुपारचा चहा घेऊन निघू" म्हणालात, तर अंधारात पोचाल.

आता तुझ्या अहोंच्या एक्सेलला लावायचा हिशेब. दहा रात्री म्हणजे येण्याजाण्याचे दिवस सोडून नऊ सकाळी. मुक्काम बदलला की एक सकाळ गेली. बॅगा भरा, चेकआउट करा, स्टेशन गाठा, नव्या गावात हॉटेल शोधा, आणि खोली दुपारी तीनशिवाय मिळायची नाही. पिसा जाताजाता उरकलं तरी त्यांच्या शीटमध्ये सहा मुक्काम आहेत, म्हणजे पाच बदल. उरल्या चार सकाळी. चार सकाळी आणि एक्केचाळीस ठिकाणं! हा आकडा त्यांना त्यांच्याच शीटमध्ये लिहून दाखव. एक्सेलवाल्या माणसाला तोंडी सांगून पटत नाही.

माझं मत विचारशील तर तीन गावं. रोम चार रात्री, फ्लॉरेन्स चार, व्हेनिस दोन. बदल दोनच, त्यामुळे सात सकाळी हातात राहतात. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीनं दीड तास, तिथून व्हेनिस सव्वादोन तास. विमानाचं तिकीट मात्र जायचं रोमचं आणि यायचं दुसऱ्या गावाहून काढा. परत रोमला विमान पकडायला येणं म्हणजे आणखी एक दिवस पाण्यात.

नेपल्स गाळताना माझाही हात अडखळला, कारण ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं पाँपेई तिथून जवळ आणि इतिहासाच्या बाईनं पाँपेई गाळायचं म्हणजे काय! पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या दगडी रस्त्यांवर तीन तास चालवणं हा छळ आहे. स्वित्झर्लंडचं तर विचारूच नकोस. अहोंना विचार, त्यांना नेमकं काय बघायचंय. बहुतेक "बर्फ" म्हणतील. बर्फासाठी जानेवारीत मनालीला जा, अर्ध्या पैशात होईल.

हा "का?" प्रत्येकाला विचारायचा आहे. घरात ठिकाणांवरून भांडण होतं, कारणांवरून फारसं होत नाही. मुलाला सान सिरो का हवंय? फुटबॉलसाठी. मग त्याला सांग की रोमच्या स्टाडिओ ऑलिंपिकोत रोमा आणि लाझिओ असे दोन संघ खेळतात. सामना असेल तर बापलेकांनी जावं. तिकीट नावानिशी निघतं, पासपोर्ट लागतो. पण नोव्हेंबरच्या मध्यावर देशांच्या सामन्यांसाठी तिथल्या लीगला सहसा सुट्टी असते, तेव्हा वेळापत्रक आधी बघ, आशा नंतर लाव. सामना नसला तर दुसरा उपाय आहे: परतीचं विमान मिलानहून रात्रीचं घ्या. शेवटच्या दिवशी सकाळी व्हेनिसहून निघालात की अडीच तासांत मिलान. सामान स्टेशनवर ठेवायला द्यायचं. बापलेक मेट्रोनं स्टेडियम बघून येतील, तोवर तू आणि सासूबाई डुओमोच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, चौकात बसा. एकही सकाळ खर्ची न घालता पोराची इच्छा पुरी.

सासूबाईंच्या मनोऱ्याबद्दल मात्र मी हट्टाला पेटणार आहे. तुला बरेच शहाणे सांगतील, "पिसात काही नाही, फोटोपुरतं आहे." सांगू देत. ज्या बाईनं लहानपणी शाळेच्या पुस्तकात तो मनोरा पाहिला आणि साठ वर्षं मनात ठेवला, तिच्या यादीत दोनच गोष्टी आहेत. त्या दोन्ही झाल्याच पाहिजेत. फ्लॉरेन्सहून पिसा साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. पिसाच्या मुख्य स्टेशनवरून मनोरा पंचवीस मिनिटं चालत. त्याऐवजी पिसा सान रोस्सोरे नावाचं छोटं स्टेशन आहे, तिथून अगदी जवळ पडतो. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तिकीट काढताना बघून घे.

मुलाला कंटाळा येऊ नये म्हणून त्याला ही गोष्ट सांग. ११७३ मध्ये बांधकाम सुरू झालं, आणि तीनेक मजले होतात तोच मनोरा कलायला लागला, कारण खालची जमीन एका बाजूला मऊ. १९९० मध्ये पडेल या भीतीनं लोकांना आत सोडणं बंद केलं. मग अभियंत्यांनी काय करावं? कललेल्या बाजूला टेकू देण्याऐवजी उलट्या, उत्तरेच्या बाजूची माती थोडी थोडी उपसून काढली. मनोरा हळूच मागे सरकला, वरच्या टोकाला चाळीसेक सेंटिमीटर. २००१ मध्ये पुन्हा उघडला. म्हणजे सरळ करता आला असता, पण मुद्दाम वाकडा ठेवलाय. सरळ केला असता तर पिसाला कोण गेलं असतं?

वर चढायला अडीचशेहून जास्त पायऱ्या आहेत. सासूबाई खाली हिरवळीशेजारी बसतील आणि मनोऱ्याला हातानं टेकू देणाऱ्या जगभरच्या लोकांकडे बघतील. ती करमणूक फुकट आहे.

आता वारांचं बोलू, कारण मी तिथेच आपटले होते. आम्ही दोघं पहिल्यांदा फ्लॉरेन्सला गेलो ते रविवारी रात्री पोचलो. मंगळवारी सकाळी पुढची गाडी. सोमवारी सकाळी मी साडेसातला आंघोळ करून, केस विंचरून, उफ्फिझी या चित्रसंग्रहालयाच्या दारात. दार बंद. म्हटलं, हरकत नाही, अकादेमिया संग्रहालयात मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा बघू. तेही बंद. दोन्हीकडे सोमवारी सुट्टी. तीस वर्षं पोरांना सहलीची नोटीस काळजीपूर्वक वाचा म्हणून ओरडलेली मी! चौकात डेव्हिडची नक्कल उभी आहे. मूळ पुतळा १८७३ पर्यंत तिथेच होता, मग आत नेला. त्या नकलेसमोर उभं राहून आम्ही थेपले खाल्ले. हे म्हणाले, "उंची तेवढीच आहे ना, मग झालं." मी दोन दिवस बोलले नाही.

तेव्हा कॅलेंडर घेऊन बस आणि आधी वार टाक, मग ठिकाणं. फ्लॉरेन्समध्ये सोमवार आला तर तो पिसाला द्या. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी आणि फुकट असतात, पण फुकट म्हटल्यावर गर्दी किती, ते मांडवीत राहणाऱ्याला सांगायला नको. बुधवारी सकाळी पोप लोकांना दर्शन देतात, त्यामुळे सेंट पीटर्स चर्चमध्ये तेव्हा सहसा आत सोडत नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. त्या दिवशी कोलोसियमपासून लांब राहा.

तिकिटांचंही याच बैठकीत उरका. कोलोसियमची तिकिटं तीस दिवस आधी उघडतात आणि त्यावर पासपोर्टातलं नाव जसंच्या तसं लागतं. व्हॅटिकनची साठ दिवस आधी. अठराच्या आतल्या मुलांना कोलोसियम, उफ्फिझी वगैरे सरकारी ठिकाणी प्रवेश फुकट, पण वेळेची नोंद त्यांचीही करावी लागते. तुझा मुलगा पंधराचा आहे, त्याचे पैसे वाचतील, नोंद विसरू नकोस. आणि व्हिसा पासपोर्टावर चिकटेपर्यंत परत न मिळणाऱ्या कशालाही पैसे भरू नकोस. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. दिवाळीच्या सुट्टीला अर्धं गुजरात बाहेर पडतं, तेव्हा श्रावणापर्यंत थांबू नका.

एका सकाळी वेळेचं एकच तिकीट. दुपारी जमेल ते. रोमच्या तीन सकाळी: एक व्हॅटिकनची, एक कोलोसियम आणि फोरम या जुन्या रोमन चौकाची, आणि तिसरी मोकळी. त्या तिसऱ्या सकाळचं जरा सविस्तर सांगते, कारण ती कुणाच्याच यादीत नसते. आपली वेळ तिकडच्यापेक्षा साडेचार तास पुढे, म्हणून पहिले दोन-तीन दिवस तुम्ही सगळे पहाटे टक्क जागे असणार. चिडू नका, स्वेटर चढवून बाहेर पडा. उजाडायच्या सुमाराला त्रेव्ही कारंज्याशी उभं राहिलात की पाण्याचा आवाज ऐकू येतो. दहा वाजता फक्त माणसांचा येतो. तिथून दहा मिनिटांवर पँथिऑन हे जुनं रोमन देऊळ, ते नऊला उघडतं, आणि २०२३ पासून त्याला तिकीट लागतं. तोवर कॉफी. उभ्यानं प्यायची, टेबलावर बसलात की बऱ्याच ठिकाणी दाम वाढतो. विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्या माणसालाही पँथिऑनमध्ये मान वर केल्यावर खाली करवत नाही. ४३ मीटर रुंद घुमट, जमिनीपासून उंचीही तेवढीच, जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीचा, आणि मधोमध उघडं भोक. काच नाही. पाऊस पडला की आत पडतो, आणि फरशीत पाणी जायला बारीक छिद्रं ठेवली आहेत. तुझ्या मुलाला ती छिद्रं शोधायला लाव. मग मागच्या गल्लीत सान लुईजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च, तिथे काराव्हाज्जो या चित्रकाराची तीन चित्रं. तिकीट नाही. दिवा लागायला नाणं टाकावं लागतं, म्हणून सुटे ठेव. सासूबाईंना बसायला बाकंही आहेत.

व्हॅटिकनमध्ये सिस्टिन चॅपेलला पोचेपर्यंत फार चालणं आहे, तिथे त्यांच्यासाठी चाकाच्या खुर्चीची सोय आधी विचारून ठेव. खुर्ची नको म्हणतील. सांग, गर्दीत आपली जागा पक्की होते म्हणून घेतलीय. सेंट पीटर्सच्या घुमटावर ५५१ पायऱ्या, लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात. फ्लॉरेन्सच्या घुमटावर ४६३, लिफ्ट नाहीच. या दोन्हींपैकी एक बापलेकांनी निवडावा. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. सासूबाईंच्या साडीला कोण अडवतंय, तुझ्या पोराच्या हाफ पँटकडे तेवढं बघ.

आणि आता तू. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मुलाला काय हवं, ह्यांना काय, सासूबाईंना काय, अगदी नणंदेलासुद्धा काय हवं ते त्यात आहे. तुला काय हवं, त्याचा पत्ता नाही. "दोन वर्षं फाइन आर्ट्सला होते" एवढंच, तेही जाताजाता. फ्लॉरेन्सला चार रात्री मी त्या वाक्यासाठी ठेवल्या आहेत. तिथल्या तीन सकाळींपैकी एक उफ्फिझीची चौघांची, एक पिसाची, आणि तिसरी तुझी एकटीची. बाकीचे झोपू देत, नाहीतर घुमट चढू देत.

त्या सकाळी सान मार्कोच्या मठात जा. व्हेनिसचं सान मार्को वेगळं, हा फ्लॉरेन्समधला जुना मठ, आता संग्रहालय आहे. दुपारी दोनच्या आत बंद होतं, म्हणून उघडतानाच पोच. जिना चढून वर आलीस की समोरच्या भिंतीवर फ्रा अँजेलिकोचं चित्र: देवदूत मेरीला येशूच्या जन्माची बातमी सांगायला आलाय आणि दोघंही एकमेकांसमोर किंचित वाकलेले. पुढे साधूंच्या खोल्या आहेत, चाळिसेक. आपल्या वाड्यातल्या माजघराहून लहान. प्रत्येक खोलीत एक छोटी खिडकी आणि भिंतीवर एक चित्र, १४४० च्या आसपासचं. बघायला कुणी पाहुणा येणार नव्हता. त्या खोलीत राहणाऱ्या एका माणसानं रोज सकाळी उठून बघावं, म्हणून काढलेलं. मी तिथे एका खोलीच्या उंबऱ्यात इतका वेळ उभी राहिले की रखवालदारानं खुर्ची आणून दिली. वेळ उरला तर अकादेमिया जवळच आहे. डेव्हिडकडे जाताना दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचे अर्धवट पुतळे आहेत, दगडातून बाहेर यायला धडपडणारे. लोक त्यांच्याशी न थांबता पुढे पळतात. तू छिन्नीच्या खुणा बघ, तुला कळतील.

व्हेनिसला दोन रात्री पुरतात. स्टेशनाच्या बाहेर पडलं की समोर पाणीच. तिथूनच एक नंबरची सार्वजनिक बोट धरा, ती मोठ्या कालव्यातून रमतगमत सान मार्कोपर्यंत जाते. तिकीट साडेनऊ युरोच्या आसपास. सासूबाईंना पुढच्या उघड्या बाकावर बसव, त्यांची दुसरी इच्छा पहिल्या तासातच पुरी होईल. गोंडोला अर्ध्या तासाला साधारण नव्वद युरो, पण तो माणशी नसून बोटीचा दर असतो, हे आधीच डोक्यात ठेव. हॉटेल मेस्त्रेत स्वस्त मिळतं, तो मोह टाळ. ते पुलाअलीकडचं दुसरंच गाव आहे, व्हेनिसची रात्र तिथून दिसत नाही. नोव्हेंबर हा तिथला भरतीचा मोसम. २०१९ च्या १२ नोव्हेंबरला पाणी १८७ सेंटिमीटर चढलं होतं. २०२० पासून खाडीच्या तोंडाशी समुद्र अडवायला दारं आहेत, तरी सान मार्कोच्या चौकात थोडं पाणी साचतंच. कातडी चपला नकोत.

खाण्याचं थोडक्यात: थेपले आणि भाखरवडी खुशाल न्या. पेढे, श्रीखंड, चक्का इथेच ठेवा, दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. नणंदेला सांग, तिची ठिकाणं पुढच्या खेपेला.

आणि निघायच्या आधी एक काम इथलं. चौघं मिळून लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये जाऊन या. दांडिया बझारात राहून शेवटचं कधी गेलात, आठवतंय का? दरबार हॉलच्या जमिनीकडे बघा. ते मोझाइक, म्हणजे बारके तुकडे जुळवून केलेली नक्षी, व्हेनिसच्या कारागिरांनी येऊन बसवलंय. सयाजीरावांनी बोलावलेल्या फेलिची नावाच्या इटालियन शिल्पकाराचे पुतळेही तिथेच आहेत. सासूबाईंना शांतपणे एका जागी उभं करून त्या बारक्या तुकड्यांकडे बघू दे. मग व्हेनिसला सान मार्को चर्चमध्ये मान वर केल्यावर हजारो चौरस मीटर सोनेरी छत दिसेल. तेही असेच बारके तुकडे जुळवून केलंय, फक्त तिथले तुकडे दोन काचांच्या मधे सोन्याचा वर्ख दाबून केलेले आहेत, हे सासूबाईच तुम्हाला सांगतील.

फक्त सोमवारी जाऊ नका. पॅलेसही सोमवारी बंद असतो.

– तुझी काकू